भोगीपासून मागे मोजा : गच्चीवरचा हिवाळी भाजीपाला

मंडळी, हिवाळ्यात काय लावायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण ते कधी लावायचं तिथे गणित चुकतं. पुण्या-नाशकाकडे भाजीला मानवणारी थंडी नोव्हेंबर ते जानेवारीची. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचं ऊन चढतं आणि मग कोथिंबिरीला तुरे येतात, मुळा जून होतो, मटारची फुलं गळतात. म्हणून आज एकच तारीख धरू, भोगी, १३ किंवा १४ जानेवारी. त्या दिवशीच्या लेकुरवाळ्या भाजीतलं गाजर, सोलाणे म्हणजे ओले हरभरे, मटार आणि वांगं आपल्या कुंड्यांतलं हवं असेल, तर मागे किती दिवस जायचं ते पाहू.

लाल देशी गाजराला साधारण ९० दिवस लागतात. म्हणजे १५ ऑक्टोबरच्या आसपास बी पडायला हवं. कुंडी किमान १२ इंच खोल घ्या. माती चाळणीतून चाळा, कारण मुळाच्या वाटेत खडा आला की गाजराला दोन पाय फुटतात. ताज्या शेणानंही तेच होतं, शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. बी बारीक असतं, ते चौपट कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडा, वर अर्धा सेंटीमीटर माती. उगवायला ८ ते १४ दिवस लागतात, आणि तेवढे दिवस वरचा थर एकदाही सुकता कामा नये. ओलं गोणपाट अंथरा, पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी काढा. तीन आठवड्यांनी विरळणी करा, दोन रोपांत दोन ते तीन इंच. इथे बऱ्याच जणांचा हात थांबतो, रोपं उपटवत नाहीत. पण दाटीत राहिलेल्या गाजरांना पालाच येतो, खाली शेपटीएवढं मूळ. गाजराचं रोप एका जागेवरून दुसरीकडे लावता येत नाही, तेव्हा उपटलेलं पुन्हा रोवू नका.

हरभराही त्याच आठवड्यात. घरातले अख्खे देशी हरभरे चालतात, डाळ चालत नाही. १२ इंचांच्या कुंडीत चार दाणे, दीड इंच खोल. रोप वीतभर झालं, साधारण महिन्याचं, की शेंडे खुडा. त्यानं फांद्या वाढतात, घाटे म्हणजे शेंगा जास्त धरतात, आणि खुडलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. हरभऱ्याला पाणी कमीच द्या, माती दोन पेरं खोल सुकल्यावर. रोज पाणी घातलेला हरभरा मर रोगानं वाळतो. घाट्याला गोल भोक दिसलं तर आत घाटेअळी शिरलेली आहे. चार-पाच कुंड्यांसाठी फवारणी कशाला, सकाळी हातानं वेचा.

मटारची घाई मात्र करू नका. ऑक्टोबर हीटमध्ये पेरला तर पारा तिशीपार असताना फुलं येतात आणि गळतात. आर्केलसारखी बुटकी, लवकर येणारी जात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रात्रभर भिजवून, एक इंच खोल लावा. डिसेंबरअखेर पानांवर पिठासारखी भुरी येते. पानं दाट झाली, हवा खेळेनाशी झाली, की ती झपाट्यानं पसरते. खालची पिवळी पानं काढत राहा, पाणी बुंध्याशी द्या.

वांग्याचं बी पेरायची वेळ पावसाळ्यातच निघून जाते. ऑक्टोबरअखेर रोपवाटिकेतून चार-पाच पानांची रोपं आणलीत तर भोगीला फळ मिळतं.

आता कोथिंबीर, जिच्याबद्दल सर्वांत जास्त तक्रारी येतात. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात. ते पोळपाटावर ठेवून लाटण्यानं हलके रगडा. दाण्याचे दोन भाग व्हायला हवेत, चुरा नको. १२ तास भिजवा, निथळा, अर्धा इंच खोल ओळीत पेरा. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, आणि त्या अस्वस्थतेत लोक पाणी घालत सुटतात. उगवण तिथेच कुजते. कोवळी रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडली तर ती रोपकोलमड, कारण दाटी आणि ओल. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असलेली कुंडी वरून कोरडी दिसते आणि आत ओली असते, म्हणून बोट घालून बघितल्याशिवाय पाणी नाही. भोगीसाठी २५ नोव्हेंबरच्या सुमाराला पेरा, पण एकदम सगळी नको. दर १५ दिवसांनी एक ट्रे, शेवटचा जानेवारीच्या मध्याला. मेथीला जेमतेम महिना लागतो, ती १४ डिसेंबरला पेरली तरी पोचते.

एवढं करूनही झाडं लांबट, फिकट राहतात, तेव्हा खत कमी पडलं असं वाटतं. बहुतेक वेळा ऊन कमी पडलेलं असतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. दक्षिणेच्या तीन फुटी कठड्याची सावली तेव्हा पावणेतीन फूट आत पडते. उन्हाळ्यात त्या कठड्याला टेकलेल्या कुंड्या उन्हात होत्या, आता दिवसभर सावलीत आहेत. त्या स्टुलावर चढवा किंवा उत्तरेच्या बाजूला हलवा. उत्तरेकडच्या बाल्कनीत मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. तिथे गाजर-मटारचा हट्ट नको, पुदिना आणि पानाचा ओवा लावा.

मुंबई, कोकण, गोव्यात रात्री तेवढ्या गार नसतात. फ्लॉवरची स्नोबॉल जात तिथे नुसती पानं देते, तिला गड्डा धरायला खरी थंडी लागते. लावायचाच असेल तर पुसा दीपालीसारखी लवकरची जात घ्या. नाहीतर मुळा, लाल माठ, वाल तिथे जोमानं येतात.

मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पालेभाज्यांवर आणि मटारवर हटकून येतो. कोवळ्या शेंड्यांखाली बघा. आधी पाण्याचा जोरदार फवारा. तरी राहिला तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली द्रवसाबण, नीट घुसळून, संध्याकाळी. दुपारच्या उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

भोगी झाली की हरभरा आणि मटार उपटू नका, बुंध्याशी कापा. मुळांवरच्या गाठींतला नत्र मातीतच राहू द्या. कोथिंबिरीची दोन-तीन रोपं फुलायला सोडा, मधमाश्या येतील. मार्चमध्ये धणे तपकिरी झाले की सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, वर तारीख लिहा. पुढच्या नोव्हेंबरला हेच रगडायचे आहेत.