अमेरिकेची स्कॉलरशिप मिळाली? एक मेच्या आधी हा हिशेब करा

नमस्कार मंडळी! एप्रिल संपत आलाय, इथे नागपुरात ४३ डिग्री आहे, मागे कूलरचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, बंद केला तर बोलणं होणार नाही.

गेले पंधरा दिवस एकच प्रश्न येऊन राहिला. "ताई, बी.टेक. इथे करू की अमेरिकेत?" कोणी काटोलहून विचारतं, कोणी मनीष नगरातून, आणि परवा एका काकूंनी तर चार मेसेज पाठवले. म्हणून आज बसले, कारण तिकडे जागा पक्की करायचं डिपॉझिट अनेक ठिकाणी १ मेपर्यंत भरायचं असतं.

आधी जे सगळ्यांना ठाऊक आहे ते भराभर. इथे जेईई मेन आणि जोसा, म्हणजे एनआयटीसारख्या कॉलेजांचं केंद्रीय जागावाटप, नाहीतर राज्याची सीईटी आणि तिचे प्रवेशाचे कॅप राउंड. व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी, रामदेवबाबा, वायसीसीई, ही नागपूरच्या कॉलेजांची नावं मी तुम्हाला काय सांगू. तिथे शाळेचे मार्क, एसएटी, निबंध, इंग्रजीची परीक्षा, मग व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो आय-ट्वेंटी फॉर्म आणि मुंबईला बीकेसीत व्हिसाची मुलाखत. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी निघायचं. झालं. यावर शेकडो व्हिडिओ आहेत.

मला बोलायचंय स्कॉलरशिपच्या आकड्यावर. कारण घरंच्या घरं तिथे फसतात.

माझ्या मामेभावाला काही वर्षांपूर्वी पत्र आलं. ८० हजार डॉलरची स्कॉलरशिप! मामांनी त्याच संध्याकाळी संत्रा बर्फी आणली, अख्ख्या लेआउटमध्ये वाटली. डॉलर ९० रुपये धरला तर ते बहात्तर लाख होतात. बहात्तर लाख ऐकलं की माणसाला वाटतं, झालं, पोरगं फुकटात शिकणार. तिसऱ्या दिवशी मी ते पत्र हातात घेतलं. खाली एक ओळ होती: चार वर्षांत मिळून.

म्हणजे वर्षाला २० हजार. आणि त्या विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च होता ६० हजारांच्या घरात. नुसती फी नाही हं. फी, होस्टेल, जेवण, विमा, पुस्तकं, सगळं धरून. तिकडे त्याला कॉस्ट ऑफ अटेंडन्स म्हणतात आणि मुलांनो, पाहायचा आकडा तोच. डॉलर ९० रुपये धरा. ६० मधून २० गेले, उरले ४० हजार. वर्षाला छत्तीस लाख. चार वर्षांचे एक कोटी चव्वेचाळीस लाख. हे स्कॉलरशिप मिळाल्यानंतरचं सांगतेय मी.

आता हेच दुसऱ्या बाजूने पाहा. स्कॉलरशिप बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये ठरलेली असते, ती वाढत नाही. खर्च मात्र वाढतो. दरवर्षी ४ टक्के वाढला असं धरलं तर ६० हजारांचे चौथ्या वर्षी साडेसदुसष्ट हजार होतात. स्कॉलरशिप तीच वीस. म्हणजे तुमच्या खिशातून चाळीस नाही, साडेसत्तेचाळीस. आणि रुपया? २०१० मध्ये डॉलर साधारण ४६ रुपयांना होता. आज कुठे आहे ते तुम्हीच बघा. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, पहिल्या वर्षाचा हिशेब मांडू नका, चौथ्या वर्षाचा मांडा.

कोणीतरी लिहिलंय, "ताई, आय-ट्वेंटीवर खर्च दिलेला असतो नं, मग वेगळा हिशेब कशाला?" दादा, आय-ट्वेंटी नीट उघडून वाच. तो एका शैक्षणिक वर्षाचा अंदाज असतो, बरेचदा नऊ महिन्यांचा. उन्हाळ्याचे तीन महिने कोण भरणार? आणि कॅम्पसवर काम करून काढू म्हणाल, तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. त्यात खिशाचा खर्च निघेल, फी निघणार नाही.

तिसरी बाजू, जी मला सगळ्यात जास्त टोचते. अट. पत्रात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, अमुक राहिला तर स्कॉलरशिप पुढे चालू. मामेभावाला अट होती ३.० ची. पोरगा हुशार, पण पहिल्यांदा घराबाहेर, तिकडची थंडी, एकटेपणा, आणि पहिल्या वर्षी जीपीए आला २.९. स्कॉलरशिप गेली. मामांनी बेसा भागातला प्लॉट विकला. त्यावर ते आजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, पण मामीने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज मी ऐकलाय. भाऊ पास झाला, आज चांगला आहे. तरीही हा व्हिडिओ मी त्या फोनमुळेच करतेय.

तेव्हा पत्र आलं की आधी या तीन गोष्टी शोधा: दरवर्षी की एकूण, पुढे चालू राहण्याची अट काय, आणि फी वाढली तर काय. पत्रात नसेल तर त्यांच्या फायनान्शियल एड ऑफिसला मेल करा. ते उत्तर देतात. सल्लागाराला विचारू नका, कारण बऱ्याच सल्लागारांना तुमच्या प्रवेशावर विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. "नव्वद टक्के स्कॉलरशिप" म्हणणारी ती रील्स, त्यात नव्वद टक्के कशाचे हे कोणी सांगत नाही! फीचे की एकूण खर्चाचे? मला खरंच राग येतो.

अपवाद आहेत. एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्सटन, येल इथे प्रवेश देताना परदेशी मुलाचीही ऐपत पाहत नाहीत, आणि घेतलं की घरच्या उत्पन्नानुसार गरज पूर्ण भागवतात. तिथे लागलं तर बिनधास्त जा.

कर्जाचं सांगते. मोठ्या कर्जाला बँक घर तारण मागते. आपल्या नागपुरात अर्ध्या लेआउटांची कहाणी तुम्हाला माहीत आहे. आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, नसेल तर बँकेतून फाइल परत येते, आणि ते मिळवायला नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, चकरा माराव्या लागतात. ऑगस्टमध्ये विमान असेल आणि जुलैत आरएल शोधत असाल तर कठीण आहे.

आता तिकडचं जे चांगलं आहे तेही मनापासून सांगते. मी बी.ई. इथे केलं, एमएस तिथे. तिथे लॅबमध्ये शिकवायला मदत करायचे तेव्हा पाहिलं, दुसऱ्या वर्षाची मुलं मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला सहज जात होती. पर्ड्यूसारख्या ठिकाणी तर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, शाखा नंतर. आपल्याकडे रँकने सतराव्या वर्षी शाखा चिकटते. त्या मोकळेपणाचा मला हेवा वाटला. ज्या घरात दीड कोटी खर्चून झोप उडणार नाही, त्यांनी जरूर पाठवावं.

पण व्हीएनआयटीची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख आहे. चार वर्षांची पाच लाख. उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. मेस, होस्टेल वेगळं. त्यात महाराष्ट्रातल्या मुलांसाठी निम्म्या जागा. आणि बी.टेक. इथे करून एमएसला गेलात तर तिथले खर्चाचे दिवस चार वर्षांऐवजी दोन होतात, ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायची मुभा, मात्र तेवढाच: एक वर्ष, वर स्टेमची, म्हणजे विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांची, दोन. एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत अमेरिकन मास्टर्सवाल्यांना वेगळ्या २० हजार जागा आहेत, त्या बी.टेक.वाल्याला नाहीत. आणि हे नियम मध्येच बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आदेश एका रात्रीत आला, तेव्हा तिथे तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांच्या घरी काय झालं असेल?

शेवटी त्या काकूंचं. त्यांच्या मुलीला अमेरिकेत कॉम्प्युटर मिळतंय, वर्षाला १५ हजार डॉलर स्कॉलरशिप. इथे जेईईच्या रँकवर व्हीएनआयटीत मेटलर्जी लागेल असं दिसतंय. काका तीन वर्षांत रिटायर होतायत. आणि अडचण अशी की तिकडे डिपॉझिट १ मेपर्यंत भरायचंय, जोसाचं जूनशिवाय कळणार नाही. काकू, तुमच्या जागी मी असते तर ते डिपॉझिट भरलं नसतं. ते बहुधा परत मिळत नाही, आणि एकदा भरलं की माणूस त्याच दिशेने ढकलला जातो. शेवटचं वर्ष काकांच्या पेन्शनवर येतंय, घर तारण ठेवून. मेटलर्जी आवडत नसेल तर सीईटी आहे, कॉम्प्युटरला रामदेवबाबा पाहा. तरीही मुलीचं मन तिकडेच असेल, तर तिला आज रात्री तुमच्या दोघांसोबत बसवा आणि चौथ्या वर्षाचा हिशेब तिच्याच हाताने लिहू द्या. कागदाचा फोटो मला पाठवा, नाव झाकून. मी स्वतः तपासून देते.