ऱ्होडियम आणि कुटार

मंडळी, फॉस्फीन म्हटलं की इथल्या कास्तकाराला धान्याच्या कोठीतली गोळी आठवते. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची ती गोळी ओल लागली की फॉस्फीन वायू सोडते. तो किडीलाही मारतो, माणसालाही. गोळी ठेवलेल्या खोलीत झोपू नका, हे मी दरवर्षी सांगतो. आजही सांगून ठेवतो.

आजचा विषय त्याच भावकीतला. फॉस्फीनमधले तीन हायड्रोजन काढून तिथं बेंझिनची तीन कडी बसवली की ट्रायफेनिलफॉस्फीन होतं. याच्या फॉस्फरसकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती देऊन तो ऱ्होडियमसारख्या धातूला धरून ठेवतो, आणि मग तो धातू प्रोपीन (तीन कार्बनांचा वायू), हायड्रोजन नि कार्बन मोनॉक्साइड यांना जोडून ब्युटिराल्डिहाइड नावाचं चार कार्बनांचं द्रव्य करतो. अशी जोडणी रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोलेन यांनी 1938 साली जर्मनीत ओबरहाउझनला शोधली, तेव्हा धातू कोबाल्ट होता. या मालापासून पुढं मऊ पीव्हीसीत घालायचं द्रव्य होतं. तुमच्या मोटारपंपाच्या वायरचं आवरण लवचीक राहतं ते अशाच द्रव्यांमुळं.

अडचण होती ती खळ्यावरची. माल आणि ऱ्होडियम एकाच द्रवात विरघळलेले, आणि ऱ्होडियम बहुतेक काळ सोन्याहूनही महाग. पीक भरघोस आलं, पण दाणा आणि कुटार वेगळं होईना, तर काय करता? तापवून माल उडवावा तर उष्णतेनं ऱ्होडियमची जोडणी बिघडायची धास्ती.

फ्रान्सच्या ऱ्होन-पूलँक कंपनीतल्या एमिल कुंट्झ यांनी 1970च्या दशकात साधी वाटणारी युक्ती काढली. ट्रायफेनिलफॉस्फीनच्या प्रत्येक कड्यावर एकेक सल्फोनेट गट, म्हणजे पाण्याशी जमणारा गंधक-ऑक्सिजनचा तुकडा, सोबत सोडियम. नाव टीपीपीटीएस. ट्रायफेनिलफॉस्फीन पाण्याला जुमानत नाही. हे मात्र लिटरभर पाण्यात किलोहून जास्त विरघळतं. त्यानं धरलेला ऱ्होडियमही मुकाट्यानं पाण्यात राहतो. करायला मात्र नाजूक: ओलियममध्ये, म्हणजे धुमसत्या सल्फ्युरिक आम्लात, हे गट बसवताना फॉस्फरसनं ऑक्सिजन धरला की तो धातूला धरत नाही.

1984 साली ओबरहाउझनलाच या युक्तीवर चालणारा कारखाना सुरू झाला. सुमारे 120 अंश तापमान, 50 वातावरणांच्या आसपास दाब. वायू पाण्यात शिरतात, माल तेलासारखा वर तरंगतो. वरचा थर काढून घ्यायचा, खालचं पाणी पुन्हा कामाला. उफणायला वाराही नको! शिवाय मालातला पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास भाग कार्बनांच्या सरळ साखळीचा, हवा तोच.

मागच्या बाकावरून विचारलं, "सर, आपल्या सरकीच्या तेलावर चालंल का हे?" प्रश्न नेमका आहे. प्रोपीन पाण्यात थोडं तरी शिरतं. साखळी लांबली की ते पाण्याचं तोंड पाहत नाही. आठ कार्बनांच्या ऑक्टीनलाच क्रिया रेंगाळते, मग तेलाचं काय? साबणासारखं काही मध्यस्थ घालून पाहतात. तेल-पाणी भेटतं खरं, पण फेस होतो, थर सुटत नाहीत, आणि ऱ्होडियम तेलाबरोबर निघून जायला लागतो.