जेथ्रो टलचे हट्टी श्रोते

मंडळी, जेथ्रो टल हा मुळात एक इंग्रज शेतकरी. १७०१च्या सुमाराला त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र बनवलं. आपली तिफण त्याच्याही आधीची, पण तो वाद आज नको. आज बोलायचं आहे ते त्याचं नाव लावून फिरणाऱ्या ब्रिटिश रॉक बँडबद्दल. त्याहूनही जास्त, या बँडला पन्नास-पंचावन्न वर्षं न सोडणाऱ्या लोकांबद्दल.

हे नाव त्यांना मिळालं तेही गमतीनंच. १९६७च्या अखेरीस ही मुलं इंग्लंडमधल्या लुटन गावात राहून लंडनच्या क्लबांमध्ये वाजवायची. एकदा वाजवलं की तो क्लब पुन्हा बोलवायचा नाही, म्हणून दर वेळी नवं नाव घेऊन जायचं. कार्यक्रम ठरवून देणाऱ्या एजन्सीत इतिहास शिकलेला एक जण होता, त्यानं हे शेतकऱ्याचं नाव सुचवलं. त्या नावानं लंडनच्या मार्की क्लबमध्ये वाजवलं आणि क्लबनं चक्क परत बोलावलं. मग नाव राहिलं. १९६८ साली पहिली तबकडी निघाली तर तिच्यावर छापलं होतं ‘जेथ्रो टो’. ती चुकीच्या नावाची तबकडी आज मिळवायची तर खिसा चांगलाच रिकामा करावा लागतो, आणि तो करणारे लोक आहेत.

हे लोक कोण? बँडचा सर्वांत गाजलेला काळ साधारण १९६९ ते १९७९. त्यानंतर रेडिओ बदलला, पोशाख बदलले, हा बँड वाजवतो तो प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, हा केस वाढवलेल्या लोकांचा लांबलचक कंटाळा, असं समीक्षकांनी ठरवूनही टाकलं. तरी यांचे श्रोते हलले नाहीत. तरुणपणीची आठवण म्हणून ते ऐकतात, असं सगळेच सांगतात. मला ते पटत नाही. तरुणपणी ऐकलेली शेकडो गाणी आपण खुशाल विसरलो आहोत. माझं म्हणणं वेगळं आहे. या बँडनं श्रोत्याचे लाड कधी केले नाहीत. त्याच्याकडून मेहनत करून घेतली, वर त्याची थट्टाही केली. ज्यांनी ती मेहनत केली, ते बसले धरून.

सुरुवात बासरीपासून करू या. बँडचा गायक आणि म्होरक्या इयन अँडरसन, त्याचा जन्म १९४७चा, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. वाढला ब्लॅकपूलला. आधी तो गिटार वाजवायचा. पण गिटारवादक एरिक क्लॅप्टनला ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की या रांगेत उभं राहून आपला नंबर लागायचा नाही. मग त्यानं आपली फेंडर गिटार देऊन टाकली आणि बदल्यात एक बासरी आणि मायक्रोफोन घेतला. आपल्यासारखी बांबूची बासरी नव्हे बरं का, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातली चाव्यांची धातूची बासरी. शिकवायला कुणी नव्हतं. फुंकता फुंकता तोंडानं गुणगुणायचं, मधेच शब्द थुंकल्यासारखे टाकायचे, हे त्यानं जॅझवाल्या रोलंड कर्ककडून उचललं. गुरू नसल्यामुळे बोटं चुकीची पडत होती. पुढे त्याची मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली, तेव्हा घरातच ही चूक उघडी पडली. जगभर बासरीवादक म्हणून नाव झालेला चाळिशी ओलांडलेला माणूस पुन्हा पहिल्यापासून बोटं बसवायला लागला. त्याचे चाहते ही गोष्ट इतक्या प्रेमानं सांगतात, जणू त्यांच्याच घरातली.

आणि तो एका पायावर उभा राहून वाजवतो, हे तर ज्यांनी एकही गाणं ऐकलेलं नाही त्यांनाही माहीत असतं. ते सुरू झालं माउथऑर्गन वाजवताना. लोकांनी ते बासरीला चिकटवलं, मग त्यानंही बासरी वाजवताना तसंच उभं राहायला सुरुवात केली.

१९७१ साली ‘ॲक्वालंग’ हा अल्बम आला. रस्त्यावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचं शीर्षकगीत. अँडरसनची तेव्हाची पत्नी जेनी बेघर लोकांचे फोटो काढत होती, त्यातून ते शब्द आले, काही तिनं स्वतः लिहिले. सुरुवातीचे सहा स्वर गिटारवर पडले की सभागृहात काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. हे ध्वनिमुद्रण झालं लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत, आणि त्याच इमारतीत तेव्हा लेड झेपेलिन या बँडचंही ध्वनिमुद्रण चाललं होतं. टलचा गिटारवादक मार्टिन बार सोलो वाजवत असताना झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आत आला आणि हात हलवायला लागला. हा किस्सा बारनंच सांगितलेला आहे. उलट हात हलवावा तर सोलो जातो, म्हणून गडी वाजवतच राहिला. तोच सोलो तबकडीवर आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘ॲक्वालंग’ला समीक्षक ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणायला लागले, म्हणजे एकाच कल्पनेवर बांधलेली तबकडी. अँडरसन म्हणाला, तसं काही नाही, ही सुटी गाणी आहेत. कुणी ऐकेना. तेव्हा त्यानं ठरवलं, तुम्हाला कन्सेप्टच हवाय ना, मग देतो असा की नाव काढाल. १९७२ साली निघाला ‘थिक ॲज अ ब्रिक’. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, जवळजवळ ४४ मिनिटांचं. शब्द कुणाचे? तर जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या कवीचे. असा मुलगा अर्थातच कुठे नव्हता.

आणि वेष्टन! बारा पानांचं अख्खं गावठी वर्तमानपत्र. सेंट क्लीव्ह नावाच्या काल्पनिक गावाचं. पहिल्या पानावर बातमी अशी की, या जेराल्डला कवितेचं बक्षीस जाहीर झालं होतं, पण टीव्हीवर कविता वाचताना त्यानं म्हणे काही अभद्र उच्चारलं, म्हणून परीक्षकांनी ते काढून घेतलं. आत स्थानिक बातम्या, खेळ, शब्दकोडं, ठिपके जोडून चित्र काढा, आणि एका कोपऱ्यात चक्क याच तबकडीचं परीक्षण. संगीतापेक्षा जास्त वेळ या वर्तमानपत्रावर गेला, असं अँडरसननं सांगितलेलं आहे. कितीतरी लोकांनी जेराल्ड खरा धरला. ज्यांना थट्टा कळली, ते बातम्यांमधले एकमेकांत गुंतलेले धागे शोधत बसले. अजूनही बसतात. मी परवा ते पुन्हा उघडलं आणि छोट्या जाहिरातींपाशी अडकलो, गाणं लावायचं राहूनच गेलं.

पण नुसती थट्टा असती तर महिनाभरात विरली असती. थट्टेच्या आत संगीत अस्सल होतं, हीच तर अडचण. सुरुवात ऐका. एकटी अकूस्टिक गिटार, साधी, अगदी शेकोटीजवळ बसून वाजवावी तशी. पहिल्याच ओळीत गायक म्हणतो की, तुम्ही हे ऐकलं नाहीत तरी माझी काही हरकत नाही. विचार करा, ४४ मिनिटांची मैफल सुरू करताना श्रोत्याला दार दाखवलंय! त्यावर हलकेच बासरी येते. तीनेक मिनिटांनी अचानक जॉन इव्हनचा ऑर्गन आणि बॅरीमोर बार्लोचे ड्रम्स अंगावर येतात, ठेका बदलतो, मग परत बदलतो. सुरुवातीची ती साधी चाल पुढे कुठे कुठे वेष बदलून डोकावते. पहिल्यांदा ऐकताना ती सापडत नाही. पाचव्यांदा एखादी जागा सापडते. विसाव्यांदा सापडलेली जागा मित्राला सांगायला फोन केला जातो. असं करत माणूस बघता बघता चाहता होतो.

आपल्याकडे तर याला आणखी एक पदर आहे. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांमध्ये ही तबकडी फार थोड्यांकडे असायची. बाकीच्यांकडे कॅसेट, कुणाच्या तरी मामानं बाहेरून आणलेल्या तबकडीवरून भरून घेतलेली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. गाणं ४४च्या आतलं. म्हणजे ज्या श्रोत्यांकडे अस्सल माल होता त्यांना मधे उठून तबकडी उलटावी लागायची, आणि आम्हा फुकट्यांना मात्र अखंड मिळालं! पहिली बाजू विरत जाते आणि दुसरी वाऱ्याच्या आवाजातून वर येते, तो सांधा आम्हाला मुद्दाम केलेली करामतच वाटायची. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर काय भरायचं यावर मात्र भांडणं.

अमेरिकेत ही तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली. १९७३ची ‘अ पॅशन प्ले’सुद्धा गेली, आणि ती तर याहून अवघड. मेलेल्या माणसाचा परलोकातला प्रवास, मधेच चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट. समीक्षकांनी सोलून काढलं. इतकं की बँड आता कार्यक्रम करणार नाही, अशी बातमी मॅनेजरनं उठवून दिली. चाहत्यांमध्ये या तबकडीवरून आजही दोन तट आहेत. माझ्यापुरतं म्हणाल तर संगीत थोर आहे, ससा वगळावा.

आता जरा नाजूक विषय. १९८४च्या दौऱ्यात अँडरसनचा गळा दुखावला आणि तो पूर्वीसारखा कधीच झाला नाही. त्याआधीच्या ध्वनिमुद्रणांतला तो रुंद, किंचित उद्धट आवाज रंगमंचावर पुन्हा ऐकू आला नाही. वरच्या पट्टीत ताण स्पष्ट कळतो. फुप्फुसांचा जुनाट आजारही त्याला आहे, २०२०मध्ये त्यानं स्वतःच तो जाहीर केला. २०१२मध्ये ‘थिक ॲज अ ब्रिक’चा दुसरा भाग काढून दौरा केला, तेव्हा रायन ओ’डॉनेल हा तरुण नट-गायक सोबत घेतला आणि अवघड ओळी त्याच्याकडे सोपवल्या. तरीही लोक तिकिटं काढून जात राहिले. का? आपल्याकडे साठी-सत्तरी उलटलेल्या गवयाच्या मैफलीला बसणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तार षड्ज लागला नाही तर समोरचा जाणकार तो मनात लावून घेतो. टलच्या कार्यक्रमातही मागच्या रांगेतला पांढऱ्या दाढीचा गृहस्थ ओठ हलवत असतो. जी जागा गायकाकडून निसटते, ती याच्याकडे पाठ असते. चार चालींच्या सोप्या गाण्यांवर वाढलेल्या बँडला असा श्रोता मिळत नाही.

सगळे मात्र एकजूट आहेत असं समजू नका. मार्टिन बार १९६८च्या अखेरीस आला आणि २०११च्या सुमाराला तो बँड संपेपर्यंत राहिला. त्यानंतर अँडरसननं आधी स्वतःच्या नावानं कार्यक्रम केले आणि २०१७पासून पुन्हा जेथ्रो टल हे नाव लावलं, पण बारशिवाय. बार आपला वेगळा बँड घेऊन तीच गाणी वाजवतो. मग खरा टल कोणता? कट्टर मंडळी यावर हिरिरीनं भांडतात, आणि दोघांच्याही कार्यक्रमांना जातात.

पुरस्कारांची गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. १९८९मध्ये हार्ड रॉक-मेटलचं पहिलं ग्रॅमी मेटॅलिका या मेटल बँडला मिळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, ते गेलं टलला, आणि जिंकण्याची आशाच नसल्यामुळे बँड समारंभाला आलाच नव्हता. मेटॅलिकाच्या लार्स उलरिकनं १९९२मध्ये स्वतः ग्रॅमी घेताना, यंदा तबकडी काढली नाही म्हणून जेथ्रो टलचे जाहीर आभार मानले!

याउलट एका चाहतीची गोष्ट मला कुठल्याही पुरस्काराहून मोठी वाटते. कॅडी कोलमन ही अमेरिकन अंतराळवीर हौशी बासरीवादक. अंतराळ स्थानकावर जाताना तिनं अँडरसनची एक बासरीही नेली. युरी गागारिनच्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तो दिवस, १२ एप्रिल २०११. त्या निमित्तानं दोघांची जुगलबंदी झाली, ‘बूरे’ची. म्हणजे जुन्या जर्मन संगीतकार बाखची रचना, जी टलनं १९६९च्या ‘स्टँड अप’मध्ये झुलती करून घेतली होती. ती वर, हा रशियातल्या पर्म शहरात. दोघांचं वाजवणं नंतर एकत्र जोडलं. बासरी तोंडाला लावली आहे, केस चारी दिशांना तरंगताहेत आणि ती ठेका सोडत नाही. चित्रफीत जरूर बघा.

मुंबईत टल १९९४ साली येऊन गेले होते. पुढे २००८मध्ये अनुष्का शंकरबरोबर त्यांचा भारत दौरा ठरला. मुंबईची तारीख होती २९ नोव्हेंबर. २६ तारखेला काय झालं ते आपण सगळे जाणतो. कार्यक्रम रद्द झाला. पण दौरा गुंडाळून मंडळी परत गेली नाहीत. ५ डिसेंबरला, हल्ल्याला दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा, मुंबईतच हल्ल्यात होरपळलेल्यांच्या मदतीसाठी त्यांनी कार्यक्रम केला. तेव्हा कितीतरी परदेशी मंडळी इकडचे बेत रद्द करत होती. म्हणून मुंबईच्या श्रोत्यापुढे अँडरसनच्या गळ्याबद्दल वाईट बोलायचं असेल तर जरा जपून.

बँड अजून तबकड्या काढतोच आहे. २०२२, २०२३ आणि २०२५ अशा तीन अलीकडेच आल्या. त्यांतलं मला फार थोडं आवडलं, पण तिन्ही घेतल्या.

आता बोलणं पुरे. ‘थिक ॲज अ ब्रिक’ची पहिली बाजू लावतो, साडेबावीस मिनिटांची आहे. ते वर्तमानपत्र मी समोर टेबलावर ठेवलंय, हाताळायला हरकत नाही, फक्त शब्दकोडं पेनानं सोडवू नका. ज्यांना शेवटची लोकल गाठायची आहे त्यांनी खुशाल निघावं. पहिल्या ओळीतच परवानगी दिलेली आहे.