बावीस मिनिटं गप्प बसणारा पल्सार

श्रोतेहो, नमस्कार.

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना पसरल्या आहेत. एकेकीचा व्यास 45 मीटर. त्यांनी टिपलेला एक पल्सार, म्हणजे भराभर गिरक्या घेत रेडिओ लहरींचे स्पंद धाडणारा मृत तारा, 2013 मध्ये जाहीर झाला. नाव रुक्ष आहे, जे1544+4937, पण गिरक्या सेकंदाला 463!

त्याला एक जोडीदार आहे, वस्तुमान निदान 18 गुरू ग्रहांएवढं. दोघांत जेमतेम 8 लाख किलोमीटर अंतर, आणि 2.9 तासांत एक प्रदक्षिणा. गिरक्यांची ही गती मुळात जोडीदाराच्याच वायूने दिलेली. आता त्याच पल्सारच्या झोताने जोडीदार झिजतो आहे. म्हणून या जातीला 'ब्लॅक विडो' म्हणतात, नर खाणाऱ्या कोळिणीवरून.

कुठे शोधायचं, हे फर्मी उपग्रहाच्या गॅमा नकाशाने सांगितलं; तिथल्या एका अनोळखी ठिपक्यावर अँटेना रोखल्या. खरी कटकट पुढे. वाटेतले इलेक्ट्रॉन कमी कंप्रतेच्या लहरींना जास्त रखडवतात. 322 मेगाहर्ट्झभोवती 32 मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, तर एकाच स्पंदाचं वरचं टोक खालच्या टोकाआधी सुमारे 185 मिलिसेकंद पोचतं. तेवढ्यात तारा 85 गिरक्या घेऊन मोकळा! सगळा पट्टा तसाच बेरजेला घेतला की स्पंद पुसला जातो. म्हणून त्याचे 512 अरुंद भाग, म्हणजे चॅनेल, करायचे, प्रत्येकाला त्याच्या उशिराएवढं सरकवायचं, मग बेरीज. तरीही एका चॅनेलच्या आत 0.36 मिलिसेकंदाची फरफट उरतेच.

दुसरी अडचण कक्षेची. पल्सार पुढेमागे झुलतो, आणि त्याचा ठेका बदलत राहतो. निरीक्षण लांबलं की संकेत पसरून गोंगाटात बुडतो. कक्षेच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे इथे 17 मिनिटांपर्यंत, त्वरण स्थिर धरून चालतं. मग एकेक त्वरण लावून पाहायचं. नेमका 100 हर्ट्झचा ठेका सापडला तर मात्र हुरळू नका. बहुधा ती आपल्याच 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण असते. सरकवण्याआधीच स्पंद सगळ्या चॅनेलांत एकाच वेळी दिसत असेल, तर तो आकाशातला नव्हे.

आता त्या बावीस मिनिटांकडे येऊ. 322 मेगाहर्ट्झला कक्षेचा 13 टक्के भाग हा पल्सार ऐकूच येत नाही. आड काय येतं? जोडीदार म्हणावा, तर झाकलेली रुंदी कक्षेवर साडेसहा लाख किलोमीटर भरते. स्वतःच्या गुरुत्वाने जोडीदार फार तर पावणेदोन लाख किलोमीटर रुंदीपर्यंतचा वायू धरून ठेवेल. म्हणजे झाकतो तो त्याच्या अंगावरून उडालेला आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, वायू. तोही एकसारखा नाही, गुठळ्यागुठळ्यांचा: ग्रहण लागण्याची वेळ दर खेपेला थोडी सरकते, आणि त्याच्या कडेला पल्सार अधूनमधून क्षणभर विझतो. म्हणून एका खेपेला काही ऐकू आलं नाही, तर ती जागा यादीतून खोडायची नाही. कक्षेच्या दुसऱ्या वेळी पुन्हा अँटेना वळवायच्या.

आणि 607 मेगाहर्ट्झला? त्याच बावीस मिनिटांत तिथे हा पल्सार ऐकू येत राहतो.