आकडा आणि सही

[दृश्य: अपार्टमेंटचं पार्किंग, संध्याकाळ. जुनी सेडान. मोबाइलच्या उजेडात डॅशबोर्डवरचा आकडा.]

अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी पोराची पहिली गाडी बहुधा सेकंड हँडच असते. 'रनिंग किती?' हा प्रश्न तो घरूनच घेऊन आलेला असतो. इथे त्याला मायलेज म्हणतात. आपल्याकडे मायलेज म्हणजे गाडी लिटरला किती देते, त्यामुळे पहिल्या फोनवर थोडा गोंधळ होतो.

भाव ठरला की विकणारा टायटल काढतो. टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला. त्यावर, मालकी दुसऱ्याच्या नावे करायच्या भागात, ओडोमीटरचा, म्हणजे गाडी एकूण किती पळाली ते मोजणाऱ्या मीटरचा, रकाना असतो. आपल्याकडचे गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० ज्यांनी भरलेत, त्यांना असा रकाना आठवणार नाही. तो तिथे नसतोच.

[दृश्य: टायटलवर टेकलेलं पेन.]

आकडा पूर्ण मैलांत लिहायचा, दशांश सोडून. आणि तो कसा आहे, हेही सांगायचं. एक तर माझ्या माहितीप्रमाणे हा खरा आहे. किंवा मीटर आपली मर्यादा ओलांडून पुन्हा शून्यापासून मोजतोय. जुन्या पाच आकडी मीटरचं तसंच व्हायचं: ९९,९९९ नंतर सगळी शून्यं. म्हणजे ४३ हजार दाखवणारी गाडी १ लाख ४३ हजार मैल पळालेली असू शकते. तिसरा पर्याय सर्वांत कडू: हा आकडा खरा नाही, त्याच्यावर विसंबू नका. असं लिहून दिलं की गाडीचा भाव तिथेच कोसळतो.

विकणारा सही करतो. घेणाराही करतो, आकडा आपल्याला दाखवला गेला म्हणून.

[दृश्य: जुन्या यांत्रिक मीटरची फिरणारी चाकं.]

मीटर मागे फिरवण्यावर देशभर बंदी आली ती १९७२ च्या कायद्याने. आकडा लेखी देण्याची सक्तीही तेव्हाचीच. पण ते निवेदन वेगळ्या चिठ्ठीवर असायचं. गाडी एका डीलरकडून दुसऱ्याकडे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची आणि वाटेत चिठ्ठी बदलायची. टायटल मात्र कोरं करकरीत. चोराला मीटरपेक्षा चिठ्ठी बदलणं सोपं जात होतं, असंच म्हणायला हवं.

१९८६ च्या 'ट्रुथ इन मायलेज' कायद्याने ती चिठ्ठी मोडीत काढली. आकडा थेट टायटलवर आला, आणि टायटल खाडाखोड लपणार नाही अशा पद्धतीने छापणं राज्यांना भाग पडलं. लीजवरच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिलेल्या, गाड्याही कचाट्यात आल्या. दोन-तीन वर्षांत भरपूर पळालेली, तरी नव्यासारखी दिसणारी गाडी म्हणजे मीटर फिरवणाऱ्यांचं आवडतं सावज.

तरी धंदा थांबला नाही. वाहतूक सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २००२ मध्ये अंदाज दिला: खोट्या आकड्याने विकल्या जाणाऱ्या गाड्या, वर्षाला साडेचार लाखांहून जास्त. डिजिटल मीटरला तर पाना-पेचकसही लागत नाही.

[दृश्य: ड्रायव्हरच्या बाजूचं उघडं दार. चौकटीवर स्टिकर.]

मीटर खरोखर बिघडलं तर दुरुस्ती करता येते. जुना आकडा नव्या मीटरवर आणता आला नाही, तर तो शून्यावर ठेवायचा आणि दाराच्या डाव्या चौकटीवर आधीचा आकडा व तारीख लिहिलेला स्टिकर लावायचा. फसवायच्या इराद्याने नियम मोडले, तर घेणाऱ्याला नुकसानीच्या तिप्पट किंवा १०,००० डॉलर, जे जास्त असेल ते मागता येतं. फौजदारी खटल्यात ३ वर्षांपर्यंत कैदही आहे.

[दृश्य: लॉटमध्ये शेजारी शेजारी दोन गाड्या.]

पूर्वी गाडी १० वर्षांची झाली की या सगळ्यातून सुटायची. पण रस्त्यावरच्या गाड्यांचं वय वाढत गेलं, तसा १ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला. २०११ आणि त्यापुढच्या मॉडेलना आता २० वर्षं आकडा द्यावा लागतो. या दोन गाड्यांत डावीकडची २०१० ची, उजवीकडची २०११ ची. रंग एकच, टायरही सारखेच झिजलेले. डावीच्या विक्रीत केंद्रीय नियमाने आकडा लिहायची सक्ती उरलेली नाही. उजवीच्या टायटलवर २०३१ उजाडेपर्यंत आकडाही लागेल, आणि सहीही.