नांगरटीतली नाणी

मंडळी, माझी नोकरी पुरातत्त्वातली म्हटली की लोकांना वाटतं, मी उत्खनन करते. खणतात दुसरेच. इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं शेतमालकाची परवानगी काढून, मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या रानात फिरतात. त्यांना सापडलेलं माझ्या टेबलावर येतं. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी, ब्रिटिश म्युझियममार्फत चालणारी 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' आहे, तिचे आम्ही फाइंड्स लिएझॉन ऑफिसर. डिटेक्टरवाले आद्याक्षरं जोडून आम्हाला नुसतं 'फ्लो' म्हणतात. योजना १९९७ साली काही भागांत सुरू झाली, २००३ पर्यंत इंग्लंड-वेल्सभर पोचली. आज १५ लाखांवर वस्तूंची नोंद आहे.

त्यातल्या बहुतेक अगदी किरकोळ. तुटकी बक्कलं, झिजून गुळगुळीत झालेली रोमन नाणी, पेनीचे तुकडे. मध्ययुगात सुट्या पैशांची टंचाई, म्हणून चांदीची पेनी मागच्या क्रूसाच्या रेषेवर कातरून अर्धी, नाहीतर पाव करत. नखाएवढा तो पाव तुकडा चिमट्यात धरायचा आणि भिंगाखाली उरलेल्या दोन-तीन अक्षरांवरून राजा आणि टांकसाळ ओळखायची. सोन्याच्या अंगठीपेक्षा मला हे काम आवडतं, खरं सांगते. मग वजन, माप, फोटो. आणि मुख्य म्हणजे, कुठल्या शेतात, कुठल्या कोपऱ्यात सापडलं?

तिथेच घोडं अडतं. जागा फुटली तर रात्री चोर येऊन रान उकरतील, ही भीती खोटी नाही. म्हणून नेमकी जागा आम्ही सगळ्यांसाठी खुली ठेवत नाही. पण आम्हाला ती लागतेच. लिंकनशरमधलं टॉर्क्सी घ्या. व्हायकिंग सैन्याने ८७२-७३ चा हिवाळा तिथे काढला, एवढं जुन्या इतिवृत्तात होतं. छावणी नेमकी कुठे, ते ठाऊक नव्हतं. ती सापडली डिटेक्टरवाल्यांनी दाखवलेल्या वस्तूंमुळे: कापलेली चांदी, चक्क अरबी दिरहमांचे तुकडे आणि शेकडो शिशाच्या सोंगट्या. सुटी सोंगटी विकायला काढली तर कवडीमोल. एकाच रानात शेकड्यांनी निघाल्या, तेव्हा थंडीत पट मांडून बसलेलं सैन्यच हाती लागलं.

२०१० मध्ये सॉमरसेटला फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या हॉस्पिटलातल्या स्वयंपाक्याला नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. त्याने हात आवरला आणि तज्ज्ञांना बोलावलं. ५२,५०३ नाणी निघाली, थराथराने. त्यातली सगळ्यात अलीकडची, ब्रिटनमध्ये स्वतःला रोमन सम्राट म्हणवणाऱ्या काराउसियसची नाणी बरीचशी खालच्या भागात होती. म्हणजे वर्षानुवर्षं वरून टाकत साठवलेली ही पुंजी नव्हे. त्याने घाईघाईने मडकं उपसलं असतं, तर हे कळायला मार्गच नव्हता.

उलट गोष्ट हेरफर्डशरची. २०१५ मध्ये दोघांनी व्हायकिंग काळातलं घबाड दडवून विकलं. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. सुमारे ३०० नाण्यांपैकी हाती आली थोडकीच. त्यात वेसेक्स आणि मर्सिया या तेव्हाच्या शेजारी राज्यांचे राजे आल्फ्रेड आणि केओलवुल्फ यांच्या नावांची, दोन सम्राट शेजारी बसलेली नाणी होती. केओलवुल्फला इतिवृत्ताने मूर्ख ठरवलं होतं. नाणी सांगतात, या दोन राजांची युती होती. उरलेली कुठे गेली असतील या विचाराने अजून जीव चडफडतो.

कायदा तसा सोपा आहे. 'ट्रेझर', म्हणजे गुप्तधन, ठरू शकेल असं काही सापडलं, तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवायचं. (पूर्वी मुंबईतही कॉरोनर असे, अपमृत्यूच्या चौकशीसाठी. इंग्लंडमध्ये तो गुप्तधनही बघतो!) संग्रहालयाने ठेवून घेतलं, तर बक्षीस बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. आपल्याकडचा १८७८ चा कायदा दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवायला सांगतो.

मगाशी एका मुलीने विचारलं, यासाठी शिकायचं काय? पुरातत्त्वाची किंवा तशाच विषयाची पदवी बहुधा लागते. पण नाणी ओळखायला ढिगांनी नाणी हाताळावी लागतात, खराबातली खराब. शिवाय संध्याकाळी डिटेक्टर क्लबाच्या बैठकीला जाऊन चहा पीत बसायची तयारी हवी. कुणी नाणं टूथपेस्टने घासून लख्ख करून आणलं, तरी कपाळाला आठी पडू द्यायची नाही. आधी जागा नकाशावर दाखवून घ्यायची, घासण्याचं नंतर बोलायचं.