फिट ओळखताना

बेळगाव शहरात, खानापूरच्या जंगलकाठच्या वाड्यांवर किंवा निपाणी-चिकोडीकडे, ‘फिट आली’ असे म्हटले की माणूस धाडकन कोसळतो, अंग ताठ होते, हातपाय झटके देऊ लागतात आणि तोंडाला फेस येतो, हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हा प्रकार ओळखणे सोपे आहे. कधी जीभ चावली जाते, कपड्यांत लघवी होते, आणि एक ते तीन मिनिटांत झटके थांबले तरी माणूस बराच वेळ गुंगीत राहतो. परंतु मेंदूतील विद्युत्क्रिया अचानक बिघडून येणारी प्रत्येक फिट अशी नसते, आणि जी अशी नसते ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातच येत नाही.

येळ्ळूरसारख्या गावातील मराठी शाळेत एक मुलगी उभी राहून धडा वाचते आहे असे समजा. वाचता वाचता ती अर्ध्या शब्दावर थांबते. नजर एका जागी खिळते, पापण्या किंचित फडफडतात, पुस्तक मात्र हातातून पडत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी ती पुन्हा वाचू लागते आणि मध्ये काही घडले याची तिला जाणीवही नसते. ती पडत नाही, ओरडत नाही. म्हणून बाई म्हणतात, लक्ष नाही, आणि घरीही तिलाच बोलणी बसतात. असे दिवसातून अनेकदा होऊ शकते आणि बहुधा चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होते. स्वतःच्या विचारात हरवलेले मूल खांद्याला हात लावताच भानावर येते. फिटमध्ये ते येत नाही. ही साधी पारख प्रत्येक शिक्षकाला माहीत असायलाच हवी.

वयात येणाऱ्या काही मुलामुलींमध्ये फिट वेगळ्याच रूपात दिसते: सकाळी उठल्यावर हाताला अचानक हिसका बसून चहाचा कप उडतो. यात्रेच्या जागरणानंतर हे हिसके वाढतात, आणि त्यांकडे काणाडोळा केल्यास पुढे मोठी फिट येऊ शकते.

काही फिट मेंदूच्या एकाच भागातून सुरू होतात: तोंडाची एक बाजू ओढली जाते, एका हाताची बोटे उडतात, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते किंवा इतर कोणालाही न येणारा जळका वास येतो. त्यानंतर माणूस शून्यात पाहत ओठ चाटतो, पदर चाळवत राहतो, हाकेला ओ देत नाही. अशा वेळी बाहेरची बाधा म्हणून देवऋषीकडे नेले जाते. श्रद्धा ज्याची त्याने जपावी, पण औषधाला उशीर होऊ नये.

कोणाला झटके येत असतील तर घड्याळ पाहावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे आणि झटके थांबताच कुशीवर वळवावे. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा-चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांहून अधिक वेळ झटके चालले, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी फिट आली, तर १०८ वर फोन करावा.

डॉक्टरांना फिट प्रत्यक्ष क्वचितच दिसते आणि दोन फिटच्या मधल्या काळात मेंदूच्या विद्युत्क्रियेचा आलेखही (ईईजी) कधीकधी अगदी सामान्य येतो, म्हणून रुग्ण सुरक्षित असताना दुसऱ्या कोणी मोबाईलवर चित्रण केले तर त्याचा मोठा उपयोग होतो. डॉक्टर कन्नड बोलणारे असले आणि घरचे मराठीत सांगत असले, तरी डोळे उघडे होते की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळली आणि आधी कोणता हात हलला, हे त्यात स्पष्ट दिसते.